ज्याचं जिथे गळते

तिवस्यात एखादी गोष्ट गावभर करायला दवंडी लागत नाही. मी तर कुणाला काही सांगितलंही नव्हतं. सकाळी पटवाऱ्याच्या ऑफिसात जाऊन एका गट नंबरचा सातबारा मागितला आणि पायी हायवेवर आलो. अंतर पाच मिनिटांचं. पानठेल्यावर पोचलो तेव्हा माझं पान लावून तयार होतं, वर सल्ला फुकट.

"सर, घर घेऊन रायले म्हनते तुमी? कोपऱ्याचं घेऊ नोका."

अकरा वर्षं मी या गावात भाड्यानं राहिलो. अकरा वर्षांत मला घराबद्दल कुणी चकार शब्द सांगितला नाही. भाडेकरू म्हणजे सुटायच्या बेतात असलेल्या एसटीतला माणूस, त्याच्यावर सल्ला कोण वाया घालवणार? पण घर घ्यायचं ठरवलं की माणूस गावाच्या मालकीचा होतो. बाजारात, दवाखान्यात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, तेरवीच्या पंगतीत, जिथे दिसेल तिथे लोक त्याला हाताला धरून बाजूला घेतात. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी मोजले, चौदा सल्ले झाले. पूर्वेकडे तोंड असलेलंच घ्या. तोंडाकडे पाहू नका, नाल्याकडे पाहा. तयार घर घेऊ नका, प्लॉट घेऊन बांधा. बांधायच्या भानगडीत पडू नका, तयार घ्या. एका मोटरसायकलवाल्यानं तर गाडी न थांबवताच ओरडून सांगितलं, "सर, बोअरचं पानी चाखून पाहा!"

दुसऱ्या दिवशी ठेलेवाल्या भाऊंच्या घरावरून जायचा योग आला. घर कोपऱ्यावर. कंपाउंडची भिंत तीन जातींच्या विटांची. चौकशी केली तेव्हा कळलं, संत्र्याचा ट्रक, कापसाची गाडी आणि लग्नाचा डीजे अशा तिघांनी तीन हंगामांत ती वळणावर पाडली होती. तिथेच, त्या तिरंगी भिंतीसमोर, माझ्या डोक्यात उजेड पडला. सल्ला देणारा आपल्या घराबद्दल बोलतच नसतो. त्याच्या डोळ्यांपुढे त्याचं स्वतःचं घर असतं, आणि त्यातही जिथे गळते तेवढीच जागा. ज्याचं जिथे गळते, तिथूनच तो बोलते.

तेव्हापासून मी नेम केला. सल्ला ऐकायचा, मान डोलवायची आणि दोन दिवसांनी सल्लागाराच्या घरी चहाला जायचं. चहापायी पित्त झालं, पण घराबद्दल जे काही शिकलो ते असं शिकलो.

सगळ्यात आधी गेलो काकाजींकडे. काकाजी निवृत्त पटवारी. शासनानं आता तलाठ्याचं नाव 'ग्राम महसूल अधिकारी' केलं आहे, पण वऱ्हाडात पटवारी तो पटवारीच. काकाजींनी मला ठेल्याच्या बाकावर बसवून पाऊण तास शिकवणी घेतली होती. "सर, घर इटाचं नसते, कागदाचं असते. इटा पडल्या त पुन्हा मांडता येते. कागद पडला त मानूस पडते."

कागद कोणते, तर आधी सातबारा. तो एक दिसला तरी असतो दोन नमुन्यांचा. सात नंबरात जमीन कुणाची ते, बारा नंबरात पीक कोणतं ते. त्यातही 'इतर हक्क'चा रकाना आधी वाचायचा, कारण सोसायटीचा, बँकेचा बोजा तिथे दबा धरून बसलेला असतो. मग फेरफार, म्हणजे आजच्या मालकाचं नाव सातबाऱ्यावर चढलं कसं, खरेदीनं, वारसानं की वाटणीनं, याची डायरी. जमीन शेतीची असेल तर अकृषक झाली का, त्याचा आदेश. लेआउट मंजूर आहे का, त्याचा नकाशा. मोजणीची 'क' प्रत. गावठाणातलं किंवा नझूलमधलं घर असेल तर सातबारा विसरायचा आणि आखीव पत्रिका मागायची. आणि कुणी घरटॅक्सची पावती दाखवून "हे पाहा, मालक मीच" म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावायचं. नगरपंचायत जो घरात बसलेला दिसतो त्याच्याकडून कर घेते, त्यानं मालकी येत नाही.

मी विचारलं, "काकाजी, ते भोगवटादार वर्ग-१ आन् वर्ग-२ काय असते?"

काकाजींनी तंबाखू मळता मळता कौंडण्यपूरच्या दिशेनं हात केला. कौंडण्यपूर आमच्याच तालुक्यातलं, वर्धेच्या काठावर, रुक्मिणीमातेचं माहेर. "आपल्या लेकीचं सासर कोनतं? द्वारका. देवानं समुद्राले जागा मांगितली, समुद्रानं देल्ली. विश्वकर्म्यानं एका रातीत टाउनशिप बांधली. सोन्याची. पन जमीन होती समुद्राची. देव गेले, तसं समुद्रानं सारं वापस घेतलं. ह्याले म्हनते वर्ग-२, सर. जमीन देनाऱ्याले इचारल्याबिगर इकताबी येत नाही आन् अटी मोडल्या त रायताबी येत नाही."

इतकं सोपं मला कोणत्याही वकिलानं सांगितलं नव्हतं. भारावून दोन दिवसांनी काकाजींच्या घरी गेलो. घर मोठं, जुनं, पुढे ढेलज, मधे अंगण, वर कवेलू. ढेलजीत बंगई, बंगईवर काकाजी, आणि बंगईच्या नेमकं वर कवेलू सरकलेलं. पावसाळ्यात म्हणे बंगई हलवतात. म्हटलं, स्लॅब का नाही टाकत? काकाजींनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "आखीव पत्रिकेवर अजून आबाजीचं नाव हाय. वारस तेवीस. पाच पुन्याले, तीन गेले वरती, एक माह्याशी बोलत नाही. बत्तीस वर्षं दुनियेचे फेरफार घेतले सर. घरचा राहून गेला."

कागदांची अशी धास्ती घेऊन मी हायवेला लागलेले लेआउट पाहायला निघालो. जुन्या सहा नंबरच्या, म्हणजे आताच्या त्रेपन्न नंबरच्या महामार्गावर नागपुराकडे जा की अमरावतीकडे, दर दोन वावरांनंतर एक कमान उभी आहे. वावर सोयाबीनचं, कमान राजवाड्याची. कमानीवर 'नगरी', 'पार्क' नाहीतर 'सिटी'. आत रंगीत झेंड्या, चुना मारलेले दगड आणि सिटीतली एकमेव रहिवासी असलेली म्हैस. बोर्डावर मोठ्या अक्षरात 'एन.ए.टी.पी. प्लॉट्स', आणि त्याखाली, पाहणाऱ्याचा चष्मा कोणत्या नंबरचा आहे हे तपासण्यासाठी जितक्या बारीक अक्षरात लिहितात तितक्या बारीक अक्षरात, 'प्रस्तावित'. बगीचा प्रस्तावित, मंदिर प्रस्तावित, नळ प्रस्तावित. मी दलालाला विचारलं, "आत्ता इथे नेमकं काय आहे?" तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "विश्वास."

विश्वासाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आमच्या शाळेत एक शिक्षक आहेत, ते नव्या माणसाला एवढंच म्हणतात, "नोटरी करू नोका." त्यापुढे काही बोलत नाहीत, डोळ्यांत पाणी येतं. त्यांनी ऐन उमेदीत एक प्लॉट शंभराच्या स्टँपवर नोटरी करून घेतला होता. लिहिणाऱ्यानं लिहिलं, सह्या झाल्या, पेढे वाटले. पुढे कळलं की त्याच प्लॉटचे पेढे आणखी तीन घरी वाटले गेले आहेत. शेतजमिनीतून तोडलेला तुकडा, १९४७च्या तुकडेबंदी कायद्यापायी खरेदी लागेना. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा तर १८८२चा, आणि त्याच्या चौपन्नाव्या कलमात तेव्हापासून लिहून ठेवलं आहे की नुसत्या विक्रीच्या करारानं मालकी येत नाही, नोंदलेलं खरेदीखतच लागतं. पण १८८२चं वाचतो कोण, पोट्ट्यांना आम्ही २०२४ची प्रश्नपत्रिका वाचायला लावतो. असो. आता ते चौघेही त्या प्लॉटचे मालक आहेत, म्हणजे एकही नाही. दरवर्षी चौघं मिळून तिथे गणपती बसवतात. कमिटी आयतीच होती.

कागदाच्या खाली जमीन असते, हे मला मिस्त्रींनी शिकवलं. आमच्याकडची जमीन म्हणजे काळी माती. सगळ्या महाराष्ट्राला तिचा हेवा वाटतो, पण तो कापसाच्या अंगानं. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून इतकी भेगाळते की वावरात चप्पल अडकते. तिच्यावर उथळ पाया टाकून बांधलेलं घर वर्षातून एकदा श्वास आत घेतं आणि एकदा बाहेर सोडतं. अशा मातीत एकतर मुरूम लागेपर्यंत खोदत जायचं, नाहीतर बुडाशी फुगीर असलेले खांब जमिनीत उतरवायचे. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं हे फुगीर पायाचे खांब अशाच मातीसाठी घडवले. "कपाशीले माती पाह्यजे, घराले मुरूम पाह्यजे," मिस्त्री म्हणाले. "पायात पैसा गाडा सर, रंगात गाडू नोका. तयार घर पाहाले गेले त नवा रंग पाहून खुश होऊ नोका. रंग कायले देल्ला, थे इचारा."

मिस्त्रींच्या घरी गेलो. बैठकीच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक भेग. मेमध्ये त्यात बोट जातं, ऑगस्टमध्ये कागद जात नाही. मिस्त्रींच्या म्हाताऱ्या आईनं मला कौतुकानं सांगितलं की त्या भेगेत काडी घालून पेरणीचा अंदाज घेतात, आणि रेडिओपेक्षा भेग भरवशाची आहे. मिस्त्री खाली मान घालून म्हणाले, "लोकाइचे घरं बांधाची घाई होती. आपलं तीन फुटावरच उरकलं."

पायाचा विषय निघाला तर आमच्याकडे धुणीभांडी करायला शेजारच्या खेड्यावरून येणाऱ्या मावशींनी झाडू थांबवून तोंड घातलं. मावशींचं घरकुल मंजूर झालेलं. ग्रामीण आवास योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये आणि घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं. म्हटलं, "मावशी, तुम्हाला कुणी सल्ले दिले का?" म्हणाल्या, "पंचवीस मीटरात सल्ला मावत नाही, मास्तर. मी एकच गोष्ट सांगतो. पैसा हप्त्याहप्त्यानं येते आन् मजूर रोजच्या रोज मांगते. मधातली रक्कम आपल्यापाशी असन तवाच टिकाव उचलजा." मावशींच्या घराचा जोता वर्षभर तसाच उभा होता आणि त्यावर गावातलं एक कुत्रं व्यायलं. मी आतापर्यंत ऐकलेल्या सल्ल्यांत बँकेच्या माहितीपत्रकाच्या सगळ्यात जवळ जाणारा सल्ला हाच.

मग आले साडूभाऊ. साडू हे नातं देवानं तुलनेसाठीच निर्माण केलं. आमचे साडू अमरावतीला फ्लॅटमध्ये राहतात आणि "तिवस्यात काय घर घेता" हे वाक्य त्यांना रामरामच्या जागी चालतं. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही. तिवस्यात नोकरी करणारे अर्धेअधिक लोक अमरावतीहून अप-डाऊन करतात. सकाळी तिकडून तिवस्याचे साहेब येतात, इकडून तिवस्याची पोट्टी कॉलेजला अमरावतीला जातात, आणि मधे मोझरीजवळ दोन्ही एसट्या एकमेकींना पाहून हॉर्न देतात. गुरुकुंजावरून जाताना हात जोडणारे हे लोक घर घ्यायच्या वेळी मात्र शहराकडे पाहतात. ग्रामगीतेचे एकेचाळीस अध्याय लिहून राष्ट्रसंतांनी गाव कसं असावं ते सांगितलं, आणि आम्ही ते वाचायला अमरावतीहून अप-डाऊन करतो.

साडूंचा सल्ला एका शब्दाचा होता. "कारपेट!" मला वाटलं गालिचा घ्या म्हणतात. ते पुढे म्हणाले, "बिल्टअपवर जाऊ नका, सुपर बिल्टअपवर तर मुळीच जाऊ नका. दोन भिंतींच्या आत पाय ठेवता येतो ती जागा खरी." घरी गेलो तेव्हा उलगडा झाला. त्यांनी हजार फुटांचे पैसे मोजले आणि आत साडेसहाशे सापडले. उरलेले जिन्यात, लिफ्टपुढे आणि गच्चीवरच्या टाकीखाली होते. तेव्हापासून साडूभाऊ संध्याकाळी खुर्ची घेऊन जिन्यात बसतात. पैसे दिलेत, वापर झाला पाहिजे. त्यांची खरेदी रेराच्या आधीची. महाराष्ट्रात महारेरा १ मे २०१७ला लागू झाला. आता ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा किंवा आठपेक्षा जास्त घरं असली की प्रकल्पाची नोंदणी करावीच लागते, प्लॉटच्या लेआउटलासुद्धा. नंबर घेऊन संकेतस्थळावर टाका, बिल्डरनं कबूल केलेली तारीख दिसते. विक्री चटईक्षेत्रावरच, आणि नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. हे सगळं साडूंना तोंडपाठ आहे. ज्याला ताप येऊन गेला त्याला औषधाचं नाव पाठ असतंच.

बँकेतल्या साहेबांकडे मी कर्जासाठी गेलो, सल्ला त्यांनी आपणहून दिला. माणूस सज्जन. त्यांनी कागदावर २० लाख लिहिले, २० वर्षं लिहिली, ९ टक्के लिहिले आणि खाली महिन्याचा हप्ता काढला, अठरा हजारांना पाच रुपये कमी. मी म्हटलं, जमेल. त्यांनी त्याला २४०नं गुणलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. ४३ लाख १९ हजार. म्हणजे एक घर माझ्यासाठी, एक बँकेसाठी आणि वर बँकेला अंगण. "पहिल्या हप्त्यातले पंधरा हजार व्याजात जातील, मुद्दलात तीन हजार," ते म्हणाले. म्हणजे पहिल्या महिन्यात मी घरातल्या संडासाच्या दाराचा मालक होणार होतो. पुढे त्यांनी कामाच्या गोष्टी सांगितल्या. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च साधारणपणे त्या किमतीत धरत नाहीत, तो खिशातून. दर बदलता असेल तर बोनस, एरियर्स, संत्र्याचे पैसे, जे येईल ते मधेच मुद्दलात टाका, मुदतीआधी फेडल्याचा दंड बँक लावू शकत नाही.

मी भारावून विचारलं, "साहेब, तुमचं घर कुठे?"

"भाड्याचं आहे," ते म्हणाले. "मी हा गुणाकार लग्नाआधीच केला होता."

वास्तूवाल्यांचं थोडक्यात सांगतो. ज्यांनी मला आग्नेयेला स्वयंपाकघर नसेल तर घरात कलह होतो असं बजावलं, त्यांनी तीन वर्षांत स्वयंपाकघर तीनदा हलवलं. चौथ्यांदा त्यांची बायकोच माहेरी हलली. आता कलह नाही.

चहाचे कप असे वाढत गेले आणि शेवटी एक तयार घर आम्ही पक्कं केलं. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, वर जिना, पुढे गाडीपुरती जागा. मी एकाही सल्ल्याला नाराज केलं नाही. सातबारा पाहिला, फेरफार पाहिले, अकृषक आदेश पाहिला, मोजणीची 'क' प्रत हातात घेऊन कंपाउंडला पावलं टाकून मोजलं. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च काढला. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली की या मालमत्तेवर कुणाचा हक्क-हितसंबंध असेल त्यानं कळवावं. आक्षेप एकही आला नाही, पण माझं नाव नोटिशीत पाहून दर्यापूरच्या आत्याबाईंचा रडत फोन आला की जप्ती आली होती तर आधी का नाही सांगितलं. पाया खोदून पाहता येत नव्हता म्हणून शेजाऱ्याला चहा पाजून विचारलं, मुरुमापर्यंत गेला होता म्हणाला. बोअरचं पाणी चाखलं. कोपरा नव्हता. तोंड पूर्वेला होतं. इसार दिला.

हे सगळं चालू असताना, एकदा घर पाहून झाल्यावर, आमच्या सौ. दारातच थबकल्या होत्या. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत त्यांनी नजर फिरवली आणि म्हणाल्या, "समदं बेस हाय. पन कूलर कोठी बसन?"

घर घेण्यासारख्या गंभीर प्रसंगी बायका काय विचारतील याचा नेम नाही. मी म्हटलं, "अगं, तीस वर्षांचा सर्च काढतोय मी. कूलरचं काय घेऊन बसलीस!"

रजिस्ट्रीच्या दिवशी अर्जनवीसानं विचारलं, "खरेदी कोनाच्या नावावर?" घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, १ एप्रिल २०२१ पासून. राहतं घर असलं पाहिजे, रिकाम्या प्लॉटला नाही, आणि सोबत नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. शुल्क आपण सांगितलेल्या किमतीवर लागतं की सरकारी रेडी रेकनरच्या, तर जी जास्त असेल तिच्यावर. नोंदणी शुल्क एक टक्का, पण तीस हजारांच्या वर नाही. मी हिशोब केला आणि मोठ्या मनानं घर तिच्या नावावर केलं. दोन साक्षीदार लागतात, मी दोन सांगितले, सहा आले, कारण आलुबोंडे सांगितले होते. कॅमेऱ्यापुढे फोटो निघाले. बायकोचा फोटो मालकिणीसारखा आला आणि माझा कबुलीजबाब देणाऱ्यासारखा. इंडेक्स टू हातात पडला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आता माह्या घरात कूलर कोठी बसन, सांगा."

पाडव्याला गृहप्रवेश केला. वांग्याची भाजी, रोडगे, वरण असा बेत. सगळे सल्लागार जेवायला होते. काकाजींनी कागद पुन्हा पाहिले, मिस्त्रींनी भिंत वाजवली, साडूंनी टेप लावला, ठेलेवाल्या भाऊंनी वळण किती लांब आहे ते चालून पाहिलं. सगळ्यांनी घर पास केलं.

मग एप्रिल उजाडला.

आमच्याकडचा उन्हाळा बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. अकोला-अमरावतीचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेला की दुपारी रस्त्यावर कुत्रंही सावलीचा सातबारा घेऊन बसतं. त्या दिवसांत घरातला कर्ता पुरुष म्हणजे कूलर. आमचा कूलर आंदणातला, अकोल्यात घडवलेला, जाड पत्र्याचा, माझ्या छातीइतका उंच. त्याला तीन बाजूंनी गवत आणि पाठीमागून उघडी, कोरडी हवा लागते. तो खोलीत कोंडून चालवला तर तासाभरात खोलीचा बाथरूम होतो, उशा ओल्या आणि माणसं चिकट. म्हणून तो खिडकीबाहेर स्टँडवर उभा करतात आणि तोंड तेवढं आत. आता आमच्या नव्या घराच्या खिडक्या स्लायडिंगच्या. कितीही सरकवा, उघडते अर्धीच. पुढे पक्क्या बसवलेल्या ग्रील. मागची खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीपासून दीड फूट, तिथे कूलर सोडा, कूलरचा विचारही जात नाही. समोर लावावा तर गाडी बाहेर.

कूलर आठ दिवस हॉलच्या मधोमध बसला. पाहुणे आले की त्याला वळसा घालून सोफ्यावर जायचे. बायको एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. रात्री एक वाजता गच्चीवर गादी ओढता ओढता मी मनात उजळणी केली. सातबारा, फेरफार, बोजा, मुरूम, कारपेट, रेडी रेकनर, तीस वर्षांचा सर्च. तीस वर्षांत या जमिनीवर कोण कोण होऊन गेलं ते मला माहीत होतं. पुढच्या तीस उन्हाळ्यांत आम्ही कुठे झोपणार, ते मी कुणालाच विचारलं नव्हतं. जिनं विचारलं तिचं एकटीचं कुठेच गळत नव्हतं. ती अकरा वर्षं दुसऱ्याच्या घरात दुपारी जागी होती, म्हणून तिला सगळं माहीत होतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी नव्याकोऱ्या घराची हॉलची भिंत फोडली आणि कूलरच्या मापाचं भगदाड पाडलं. कडेनं सिमेंट लिंपलं, रंग जुळला नाही. आमच्या पिवळ्या घरावर ती करडी चौकट आता हायवेवरूनही दिसते. कूलर मात्र ऐटीत बसला.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतला नवा क्लार्क स्टाफरूममध्ये घराचा नकाशा घेऊन आला. पहिलंच घर. टेबलाभोवती गर्दी झाली. कुणी म्हणालं नोटरी करू नको, कुणी म्हणालं पाया पाहा, कुणी म्हणालं कर्जाचा गुणाकार कर. सगळ्यांचं झाल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नकाशा उलटासुलटा केला आणि माझ्याही नकळत म्हणालो, "बाकी ठीक आहे रे. पन कूलर कोठी बसन?"

तो अदबीनं हसला. घर घेण्यासारख्या गंभीर प्रसंगी म्हातारे काय विचारतील याचा नेम नाही, असं ते हसणं होतं.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी कूलरमध्ये पाणी भरत होतो. रस्त्यावरून त्याची मोटरसायकल आली, घरापुढे सावकाश झाली. त्यानं करड्या चौकटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मान डोलवली आणि निघून गेला.

आतून बायकोनं विचारलं, "कोन होतं? चहा मांडू काय?"

म्हटलं, "नोको. पाहून गेला."